‘आईला कावीळच सांगितलीय’: एका घरातल्या शेवटच्या दिवसांचं प्रकरण

रुग्ण: 63 वर्षांची स्त्री. निदान: स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागाचा कर्करोग, यकृतात पसरलेला. पित्तनलिकेत स्टेंट (ती उघडी ठेवणारी बारीक नळी) बसवलेला, केमोथेरपी सुरू करून सोसली नाही म्हणून थांबवलेली. मुक्काम: पुण्यात धायरीला थोरल्या मुलाचा दोन खोल्यांचा फ्लॅट, मूळ गाव भोर तालुक्यात. घरात नवरा, थोरला मुलगा, सून आणि नऊ वर्षांचा नातू. धाकटा मुलगा नोकरीला दुबईत, मुलगी फलटणला दिलेली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात सगळे तिला माई म्हणत, मीही तेच म्हणते. मी घरी जाऊन उपशामक उपचार, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारे उपचार, देणाऱ्या पथकातली समुपदेशक. सोबत एक सिस्टर आणि गरजेप्रमाणे डॉक्टर.

थोरल्यानं आम्हाला जिन्यातच गाठलं. सिस्टर बॅग घेऊन पुढं गेल्या होत्या, त्यांनाही हाक मारून खाली बोलावलं. "मॅडम, एक विनंती आहे. आईला आम्ही कावीळच सांगितलीय. अण्णांनाही. कॅन्सर हा शब्द तोंडातून काढू नका. ती खचेल." घरी जाऊन उपशामक उपचार देणाऱ्या कुठल्याही पथकाला विचारा, दाराआधी जिना लागतो आणि जिन्यात मुलगा उभा असतो.

पोराला दोष देण्यात अर्थ नव्हता. निदान त्याला कळलं ते दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये, उभ्याउभ्या, दोन मिनिटांत. "सहा महिने धरून चाला" एवढंच त्याच्या लक्षात राहिलं होतं. आई बाहेर बाकावर बसलेली. डोळे पिवळे, अंग खाजवून खाजवून ओरखडलेलं. काय म्हणाले, असं तिनं विचारलं आणि समोर दिसत होती ती कावीळ म्हणून तो कावीळ म्हणाला. तसं ते पूर्ण खोटंही नव्हतं. स्वादुपिंडाच्या त्या भागात गाठ वाढली की तिथून जाणारी पित्तनलिका दाबली जाते आणि डोळ्यांना दिसणारं पहिलं लक्षण बहुतेक वेळा कावीळच असतं.

पण आपल्याकडे कावीळ म्हटलं की पाठोपाठ सगळं शास्त्र येतं. तेल बंद, हळद बंद, फोडणी बंद. चार महिने माई बिनफोडणीचं वरण, मऊ भात, फुटाणे आणि उसाचे करवे यांवर होती. कावीळ लागट म्हणून तिचं ताट, वाटी, तांब्या वेगळा. नातवाला आतल्या खोलीत जायची बंदी, तो उंबऱ्यावरून "आजी, बरं वाटतंय का?" विचारायचा आणि पळायचा. आणि अण्णा, म्हणजे माईंचे यजमान, वय सत्तरीच्या घरात, दर रविवारी पहाटे कात्रजला जाऊन भोरची एसटी पकडायचे. भोरच्या पुढं एका वस्तीवर कावीळ उतरवणारा एक माणूस आहे. तो पाल्याचा रस द्यायचा. अण्णा ती बाटली पंच्यात गुंडाळून संध्याकाळपर्यंत परत यायचे. बायकोच्या आयुष्यातले मोजके रविवार उरलेले आणि हा माणूस ते एसटीत काढत होता, कारण खरं काय ते त्याला ठाऊक नव्हतं.

मी हे प्रकरण लिहायला घेतलं ते याच्यासाठी. रुग्णाला सांगावं की न सांगावं, यावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं आणि बहुतेकदा ते ‘हक्क’ आणि ‘धक्का’ या दोन शब्दांभोवती फिरतं. घरात एकदा एक खोटं नाव ठेवलं की त्या नावाप्रमाणे रोजचा व्यवहार चालू लागतो, आणि माणूस गेल्यावर मागच्यांच्या मनात जे टोचत राहतं ते बरंचसं त्या व्यवहारातून येतं, इकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

पहिल्या दिवशी मात्र यातलं काहीच बोलायची वेळ नव्हती. माई कॉटच्या कडेला, पोटाशी उशी धरून पुढं वाकून बसली होती. रात्रीही तशीच बसते, असं सुनेनं सांगितलं. स्वादुपिंडाच्या दुखण्यात माणूस असाच बसतो. आडवं झालं की कळ पाठीतून आरपार जाते, पुढं वाकलं की जरा सैल पडते. तिच्याकडे ट्रॅमाडॉलच्या गोळ्या होत्या आणि त्या ती "अगदीच जीव जायला लागला की" घ्यायची. कावीळ उतरली की कळ आपोआप जाईल, उगाच गोळ्या कशाला, असा तिचा हिशोब. वेदना असह्य होईपर्यंत थांबायचं आणि मग गोळी घ्यायची, ही आपल्याकडची सर्वांत मोठी खोड. सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं तेव्हा त्यांचा मुख्य आग्रह हाच होता, की वेदनाशामक घड्याळाच्या काट्यावर द्यायचं, कळ यायची वाट बघायची नाही. या बाई आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. वेदना नुसती शरीराची नसते, पैशाची, नात्यांची, देवाशी असलेल्या भांडणाचीही असते, हे त्यांना दिसलं त्यामागे हा तिहेरी प्रवास असावा असं मला नेहमी वाटतं.

डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केलं. 10 मिलिग्रॅमची अर्धी गोळी: सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, आणि रात्री 10 ला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री 2 ला उठायला नको. यकृत बिघडलेलं असल्यानं डोस जपून वाढवायचा. आणि सोबत जुलाबाचं औषध रोज, न चुकता. मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतोच आणि तो पोटाच्या दुखण्यापेक्षा जास्त छळतो. थोरल्याचा चेहरा उतरला. "म्हणजे शेवट आला का?" मॉर्फिन हे मरणाच्या दारातलं औषध, हा समज इतका घट्ट आहे की काही डॉक्टरही तो सोडत नाहीत. त्यात कायद्यानंही भर घातली. मॉर्फिन अफूपासून बनतं, आणि भारत हा कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात शेती आणि नीमच, गाझीपूरला सरकारी कारखाने. पण 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे परवान्यांचं असं जंजाळ झालं की आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळेनासं झालं. 2014 च्या दुरुस्तीनं ते बरंच सोपं झालं, तरी आजही मान्यताप्राप्त संस्थेतूनच ते घ्यावं लागतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. आम्ही थोरल्याला एवढंच सांगितलं, की हे औषध शेवट आणत नाही, झोप आणतं. तिसऱ्या रात्री माई उशी बाजूला ठेवून आडवी झोपली.

झोप मिळाल्यावर माणूस बोलतं. तोवर थोरल्याशी आमचा एक करार झाला होता. आम्ही होऊन काही सांगणार नाही. पण माईंनी सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही. त्याला हे पटलं नव्हतं. पण "त्यांना आत्तापर्यंत काय कळलंय, एवढं तरी विचारू द्या" या विनंतीला तो नाही म्हणू शकला नाही.

सून दळण आणायला गेली होती. मी विचारलं, "माई, तुम्हाला काय वाटतं, काय चाललंय अंगात?" तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "कावीळ काय सहा सहा महिने राहती का बाई? माझ्या दिराला झालती, महिन्यात नांगर धरला त्यानं." मी गप्प राहिले. "ते केस गळायचं सलाईन लावलं तवाच कळलं मला. शेजारच्या कॉटवरची बाई सांगत होती सगळं." घरच्यांना का नाही सांगितलं, यावर ती म्हणाली, "थोरल्याला वाटतंय मला कळत न्हाई. वाटू दे. तेवढाच आधार हाय त्याला." हे त्यांना सांगू का, असं मी विचारलं. "आता नको. मागनं सांगा."

बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांत हेच टिपलं होतं: दोन्ही बाजूंना सगळं माहीत, आणि दोन्ही बाजू माहीत नसल्याचं सोंग एकमेकांसाठी वठवतात. पाश्चात्त्य प्रशिक्षणात पुढची पायरी अशी शिकवतात, की हे सोंग हळूहळू उतरवून मोकळा संवाद घडवावा. मला ते सरसकट पटत नाही. या मायलेकांत ‘कॅन्सर’ हा शब्द शेवटपर्यंत उच्चारला गेला नाही. पण त्या आठवड्यापासून माई मुलाला गॅसचा नंबर कुणाच्या नावावर आहे, अण्णांची बीपीची गोळी कधी संपते, तिच्या पाटल्यांतली कुठली फलटणच्या लेकीला आणि कुठली सुनेला, हे सांगायला लागली. तो "हो, बघू गं नंतर" असं न म्हणता वहीत लिहून घ्यायला लागला. त्यांचा संवाद झाला तो असा झाला, आणि तो पुरेसा होता.

अण्णांचं तसं नव्हतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

दीडेक महिन्यानं स्टेंट तुंबला. डोळे पुन्हा पिवळे, लघवी गडद, खाज परत. कावीळ उलटली, असं अण्णा म्हणाले. कावीळ उलटते ती पथ्य मोडल्यावर. मग पथ्य कुणी मोडलं? स्वयंपाक सुनेच्या हातात. "वरणात हळद टाकली असणार हिनं. सांगून सांगून दमलो मी." सून पहाटे साडेपाचला उठून सहाचा डोस देणारी, चादरी बदलणारी, नोकरी सोडून घरी बसलेली. ती काही बोलली नाही. आम्ही गेलो तेव्हा ती ओट्याशी उभी राहून रडत होती, आणि थोरला बाल्कनीत.

मी त्याला सरळ विचारलं. माई उद्या गेल्या तर अण्णा उरलेलं आयुष्य काय समजून काढतील? सुनेनं हळद घातली म्हणून बायको गेली, असं? की मी एक रविवार औषधाला गेलो नाही म्हणून गेली, असं? तो बराच वेळ खालच्या पार्किंगकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही थांबा इथंच. मी सांगतो. पण थांबा."

त्यानं सांगितलं. वाईट बातमी सांगताना आधी एक इशारा द्यावा, ऐकणाऱ्याला किती हवंय ते बघत पुढं जावं, हे आम्ही शिकतो, शिकवतो. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्यानं तसंच केलं. "अण्णा, दवाखान्यात तेव्हा जे सांगितलं ते मी तुम्हाला सगळं सांगितलं नव्हतं." अण्णा खुर्चीत ताठ बसले. ऐकून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "मग मी इतके दिवस कशाचं औषध आणत होतो?" यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं आणि कुणी ते द्यायचा प्रयत्नही केला नाही. सिस्टरनी पाणी आणून दिलं. जरा वेळानं अण्णा उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि सुनेला म्हणाले, "पोरी, चहा टाक." माफीचा शब्द त्यांच्या पिढीला जमत नाही. सुनेला तो पोचला की नाही, हे तिलाच माहीत. मला वाटतं, अर्धाच पोचला.

पुन्हा स्टेंट बदलावा का, यावर डॉक्टर सगळ्यांशी बोलले. यकृत बरंचसं व्यापलेलं, अंगात ताकद नाही, बेशुद्ध करून दुर्बीण घालण्यातला धोका फायद्यापेक्षा मोठा. थोरल्यानं कुठं दाखल करावं का विचारलं. वारज्याला सिप्लाचं उपशामक केंद्र 1997 पासून आहे, तिथं रुग्णासोबत नातेवाईकालाही राहता येतं आणि पैसे पडत नाहीत, हे आम्ही सांगितलं. घरी झेपलं नाही तर तो रस्ता मोकळा ठेवायचा, असं ठरलं. "तिथं ठेवणं म्हणजे आईला टाकून देणं का?" हा प्रश्न त्यानं विचारला तसा वांद्र्याच्या शांती अवेदना सदनाच्या दारातही लोक 1986 पासून विचारत असतील; ते देशातलं पहिलं हॉस्पिस. माईला विचारलं तर म्हणाली, "हितंच बरं हाय. पोरगं दिसतंय."

पोरगं म्हणजे नातू. त्याच्यावरची बंदी त्याच दिवशी उठली. कावीळ नाही म्हटल्यावर ताट वेगळं ठेवायचं कारण उरलं नाही. त्याच्या आईनं त्याला समोर बसवून सांगितलं, की आजीचा आजार लागट नाही, पण बराही होणार नाही. त्यानं दोन गोष्टी विचारल्या: मला होईल का, आणि मी उंबऱ्यावरून ओरडायचो म्हणून वाढला का? मुलं नेमकं हेच विचारतात आणि मोठ्यांना हेच सुचत नाही. "आजी देवाघरी गेली", "आजी झोपली" असल्या गोड गोष्टींतून दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. मग तो पलंगावर तिच्या पायाशी बसून गृहपाठ करायला लागला.

पथ्य उठल्यावर माईनं मागितली कांदाभजी. पचनासाठी स्वादुपिंडाच्या रसाच्या कॅप्सूल डॉक्टरांनी आधीच दिल्या होत्या, त्या जेवणासोबत घ्यायच्या. सुनेनं गरम भजी तळून पुढं केली. माईनं एक फोडून वास घेतला, अर्धी खाल्ली, चटणीत बोट बुडवून चाटलं आणि ताट सरकवलं. पुढचे दोन दिवस ती त्या भज्यांचं कौतुक करत होती. चारच दिवसांनी गावाकडची जाऊ भेटायला आली, पिवळं अंग बघून म्हणाली, "अगं बाई, असल्या दुखण्यात तळकट दिलंत? त्यानंच वाढलं असणार." थोरल्यानं लगेच फोन लावला. डॉक्टर दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्या जाऊबाई असतानाच आले आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं, सावकाश सांगितलं, की गाठ खाण्यानं वाढत नाही आणि उपाशी ठेवून कमी होत नाही. औषधोपचाराच्या दृष्टीनं या भेटीत काहीच घडलं नाही. पण पाहुण्यांच्या एका वाक्यानं सून आयुष्यभर स्वतःला पोखरत बसली असती, आणि त्या वाक्याला उत्तर डॉक्टरांच्या तोंडूनच मिळायला हवं होतं; माझ्या बोलण्याला जाऊबाईंनी जुमानलं नसतं.

शेवटच्या दहा-बारा दिवसांबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण नंतरचे सगळे ‘अरेरे’ इथं जन्माला येतात. सिस्टरनी एक कागद लिहून फ्रिजवर चिकटवला. त्यात पुढं काय काय दिसेल ते साध्या शब्दांत होतं. झोप वाढेल. खाणं सुटेल, मग पाणी. हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर निळसर-जांभळी जाळी दिसेल. श्वास मध्येच थांबेल, मग पुन्हा सुरू होईल. घशात घरघर वाजेल. प्रत्येकापुढं काय करायचं ते, आणि खाली फोन नंबर. सुनेनं तो कागद वाचून पहिल्यांदा सांगितलं, की हे काढून टाका, बघवत नाही. दोन दिवसांनी तिनं विचारलं, गुडघे कसे बघायचे ते दाखवा.

खाणं सुटल्यावर सलाईनचा विषय निघणारच होता. शेजारच्या काकांनी तर "असं उपाशी मारताय का तिला?" असं दारात उभं राहून विचारलं. मरणाच्या उंबऱ्यावर शरीर अन्नपाणी वापरायचं थांबवतं. शिरेतून भरलेलं पाणी पायांवर सूज होऊन उतरतं नाहीतर छातीत साठतं आणि घरघर वाढवतं. तहान लागत असेल का, याचं उत्तर असं, की कोरड पडते ती तोंडाला, आणि ती तोंडातच भागवायची. ओला गॉझ बोटाला गुंडाळून हिरड्या, जीभ, गालाची आतली बाजू पुसायची, ओठांना तूप लावायचं, दर तासा-दोन तासांनी. जाऊबाईंनी गंगाजलाची कुपी आणि तुळशीचं पान काढलं आणि आमच्याकडं दबकत बघितलं. दवाखान्यात कुणीतरी त्यांना यावरून ओरडलं होतं म्हणे. सिस्टर म्हणाल्या, "द्या की. फक्त मान कुशीला करा आणि दोनच थेंब. चमच्यानं ओतू नका, ठसका लागेल." मग ते काम जाऊबाईंकडेच आलं. भज्यावरून बोलणाऱ्या त्याच बाई रात्ररात्र बसून माईचं तोंड ओलं ठेवत होत्या.

गोळी गिळता येईना तेव्हा मॉर्फिन कातडीखालून सुरू केलं. दंडावर बारीक फुलपाखरू-सुई चिकटवून ठेवायची, सिस्टर दिवसाची इंजेक्शनं भरून, त्यांवर वेळ लिहून ठेवायच्या आणि घरच्यांनी दर चार तासांनी एक आत सोडायचं. तोंडातून जेवढं दिलं जातं त्याच्या साधारण निम्मं यात लागतं. आता मध्यरात्रीचा 2 चा डोसही आला. तो सुनेनं घेतला. घरघरीसाठी ग्लायकोपायरोलेट, आणि कुशीवर झोपवणं. ही घरघर ऐकणाऱ्याला जितकी जीवघेणी वाटते तितकी रुग्णाला त्रासाची नसते. तोपर्यंत ते गाढ गुंगीत असतात. हे आधी सांगितलं नव्हतं अशा एका घरी, ती घरघर ऐकून मुलांनी आईला पहाटे रिक्षात घालून दवाखान्यात नेलेलं आणि ती रिक्षातच गेलेली मला माहीत आहे.

थोरल्याची एक भीती वेगळी होती. घरी गेली तर पोलीस येतात का? दाखला कोण देतो? ही शंका लोक लाजून विचारत नाहीत आणि तिच्यापायीच शेवटच्या घटकेला अँब्युलन्स बोलावतात. घरी झालेल्या मृत्यूच्या कारणाचा दाखला उपचार करणारे डॉक्टर नमुना 4-अ वर देतात, स्मशानात तो लागतो, आणि मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. आमच्या डॉक्टरांनी रात्री-अपरात्री कुणी यायचं ते ठरवून ठेवलं. असाध्य आजारात यंत्रं लावून मरण लांबवू नये, या इच्छेला सर्वोच्च न्यायालयानं 9 मार्च 2018 च्या निकालात सन्मानानं मरण्याच्या हक्काचा भाग मानलं आहे, आणि जिवंतपणी लिहून ठेवायच्या इच्छापत्राची पद्धत जानेवारी 2023 मध्ये सोपीही केली. माईनं असं काही लिहिलेलं नव्हतं. "हितंच बरं हाय" एवढं तिनं चारचौघांत सांगितलं होतं, तेच सगळ्यांनी धरलं.

माई गुरुवारी पहाटे गेली. 2 चा डोस देऊन सून आडवी झाली होती. थोरला चार रात्री जागून त्याच रात्री पडला होता. जवळ अण्णा होते. त्यांनी कुणाला उठवलं नाही. सहाचा डोस द्यायला सून आत आली तेव्हा ते तिचा हात धरून बसलेले होते आणि हात गार होता. "कधी?" "झाला तास-दीड तास." का उठवलं नाहीत, यावर ते म्हणाले, "चार महिने मला कुठं उठवलं होतंत?"

हे वाक्य थोरल्याच्या जिव्हारी लागलं. आम्ही तेराव्यानंतर गेलो तेव्हा तो सुतकातल्या माणसापेक्षा आरोपी माणसासारखा बसला होता. त्यात भर पडली होती दशक्रियेची. घाटावर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. लेकीचं नाव घेऊन बघितलं, पाटल्या दिल्या म्हणून सांगितलं, नातवाचं शिक्षण करतो म्हणून झालं. कावळे झाडावर बसून होते. थोरल्यानं हात जोडून "अण्णांना सांभाळतो" म्हटलं, तरी नाही. ऊन चढलं, शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. "आई रागावून गेली. मी खोटं बोललो म्हणून."

इथं अंधश्रद्धेवर व्याख्यान देणारे समुपदेशक मी पाहिले आहेत. मला त्या विधीत एक शहाणपण दिसतं: गेलेल्या माणसाचं काय राहिलं असेल, ते दहाव्या दिवशी सगळ्या भावकीसमोर मोठ्यानं बोलायला लावणारी ती जागा आहे. पण जे तिथं भावकीसमोर बोलता येण्यासारखं नव्हतं ते थोरल्याच्या घशात अडकून राहिलं होतं. म्हणून त्याला विचारलं, की तिथं काय बोलायचं होतं? तो म्हणाला, "चुकलं म्हणायचं होतं. लोकांत कसं म्हणणार?" तेव्हा मी त्याला माईचा निरोप दिला, तिच्याच शब्दांत. थोरल्याला वाटतंय मला कळत न्हाई, वाटू दे, तेवढाच आधार हाय त्याला. कोणत्या दिवशी, कोण घरात नव्हतं, शेजारच्या कॉटवरच्या बाईचं काय झालं होतं, सगळं सांगितलं. तो आधी रागावला. "म्हणजे तिला माहीत होतं आणि ती मला खेळवत होती?" मग तो रडला, आणि त्यानंतर खूप बोलला. नुसत्या निरोपानं त्याचं ओझं उतरलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या महिन्यातही त्याचे रात्री फोन यायचे. विषय तेच, सूर जरा खाली.

शोकाच्या पाच पायऱ्यांची यादी त्यानं मोबाइलवर वाचली होती आणि आपण "रागाच्या पायरीवर अडकलोय" असं तो म्हणायचा. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या पायऱ्या मांडल्या त्या मरणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांना त्या मापानं मोजायची सवय नंतर लागली. बहुतेक माणसं दुःखात बुडतात, मग बँकेत जाऊन वारसाचं नाव लावतात, मग पुन्हा बुडतात. त्याच्याही वहीतली कामं त्याला तारून नेत होती.

सून मात्र कुणाच्याच हिशोबात नव्हती. भेटायला येणारे मुलांचं सांत्वन करत, लेकीला जवळ घेत, आणि हिला चहा टाकायला सांगत. इतके महिने तिनं जे केलं त्याला ‘सुनेचं कर्तव्य’ म्हणून टाकलं की तिला रडायची जागाच उरत नाही. तिला तिसऱ्या महिन्यातही बरोबर 2 ला जाग येत होती. ती उठायची, माईच्या खोलीपर्यंत जायची, आणि परत येऊन पंखा बघत पडायची. आम्ही तिच्यासाठी वेगळी वेळ ठेवली, घराबाहेर, पथकाच्या ऑफिसात. पहिल्या वेळी ती फक्त हळदीबद्दल बोलली. आपण खरंच कधी चुकून टाकली असेल का, असं तिनं विचारलं. आजाराचं नाव माहीत असूनही. दुसऱ्या वेळी ती रागावली, नवऱ्यावर. चार महिने खरं तिलाही ठाऊक होतं, आणि सासूला बिनफोडणीचं वाढायचं काम मात्र तिच्याच वाट्याला आलं होतं. हे ती घरात बोलली नव्हती. आता ती पुन्हा कामावर जाते आणि झोप बरीच सुधारली आहे.

सहा महिन्यांनी आम्ही नेहमीप्रमाणे आढावा घेतला. 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात लांबलेल्या शोकाचं निदान करायला किमान सहा महिने जावे लागतात. त्याआधीच्या कुठल्याही रडण्याला आजार म्हणायची घाई करू नये, एवढा तरी त्याचा उपयोग. थोरला आणि सून त्यात बसत नाहीत. अण्णांबद्दल आमची खात्री नाही. ते भोरकडं गावच्या घरी राहायला गेले आहेत, जेवतात कमी, आणि थोरल्याशी फोनवर दोनच वाक्यं बोलतात. पाल्याचा रस देणाऱ्या माणसाकडं ते एकदा जाऊन आले. काय बोलणं झालं ते सांगत नाहीत. गावातल्या आशाताईंना आम्ही त्यांच्याकडं आठवड्याला फेरी मारायला सांगितलं आहे, नातू सुट्टीत तिकडं जाणार आहे, आणि त्यांच्या नावाची फाइल अजून उघडी आहे.